उलट्या बाजूचं गाणं

डब्यावर पेन्सिलीनं लिहिलंय, अक्षर माझंच:
टाम्पेरे, फेब्रुवारी १९७३. इर्मेली कास्किनेन.
टेक एक: घाईत. टेक दोन: रेडिएटर.
टेक तीन: बरा, पण आउलिस शिंकला.
टेक चारपुढे नुसती रेघ.

आमचा स्टुडिओ म्हणजे रबरी बुटांच्या गोदामाचं तळघर.
भिंतींना सैन्यानं मोडीत काढलेली घोंगडी ठोकलेली.
ओली लोकर आणि तिसऱ्यांदा उकळलेली कॉफी,
असा त्या गाण्याला वास होता.
रेकॉर्डवर तो येत नाही.

पहिल्या बाजूला नाचाचं गाणं ठरलेलं,
ट्रम्पेटं त्याला, पैसा त्याला, पोस्टर त्याला.
हे दुसरं आपलं जागा भरायला.
बसच्या तिकिटामागे लिहून आणलं होतं तिनं:
गिरणीत बॉबिन बदलणारी एक बाई,
भोंगा झाल्यावरही जिचे हात थांबत नाहीत.
वेइक्को घड्याळाकडे बघत म्हणाला,
"उरका. साडेसहाला कोरसवाले येतायत."

दुसऱ्या टेकला रेडिएटरनं ठोका दिला
तो नेमका समेवर.
आउलिस म्हणाला, याला पण बिदागी द्या.
सगळे हसलो. बाहेर उणे सव्वीस.

चौथा टेक चालू असताना वर फोन वाजला असणार.
आम्हाला कुठला ऐकू यायला?
जिना उतरून टेल्लेर्वो आली, झाडलोट करायची ती,
आणि काचेपलीकडे उभी राहिली.
दार ढकललं नाही.
लाल दिवा लागला की आत यायचं नाही,
हा नियम मीच शिकवला होता तिला.

दोन कडवी ती तशीच उभी,
हातात फडकं, तोंडात निरोप.
इर्मेलीनं तिला पाहिलं. गात राहिली.
तिसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला
आणि खुर्ची मागे सारली.

वडील. ऊलोयार्वीला, बर्फ उपसताना.

अकरा दिवसांनी आली. कोट काढला नाही.
"उरलेलं तेवढंच गाते," म्हणाली,
आणि अर्धा सूर खाली गायली.
पुन्हा गा, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.
ती गेल्यावर मी टेप जराशी पळवून सूर जुळवला,
आणि ब्लेडनं तिरका छेद दिला
श्वास संपतो तिथे.

म्हणजे रेकॉर्डवर श्वास जुना आहे,
त्यातून निघणारे शब्द नवे.
मधले अकरा दिवस चिकटपट्टीखाली.
आणि पळवलेल्या टेपमुळे आवाज कोवळा झालाय,
तर जाणकार लिहितात, शेवटी ती हसत गातेय.
लिहोत बापडे.

पाचशे छापल्या. खपल्या दोनशे बारा.
बाकीच्या वेइक्कोनं सौनाच्या भिंतीला टेकवून ठेवल्या;
मिडसमरपर्यंत पापड झाले त्यांचे.
ती पुढे लाहतीला गेली, चष्म्यांच्या दुकानात लागली.
एकदा भेटली, स्टेशनवर.
गाण्याचं मी काढलं नाही, तिनंही नाही.
नंबर वाढला असेल तर ये, म्हणाली.

परवा तुर्कूचा एक मुलगा आला होता,
गळ्यात हेडफोन, वही, शंभर प्रश्न.
पाचवा टेक डब्यावर का नाही?
तिसऱ्या कडव्यापाशी खोलीचा आवाज बदलतो, तो का?
कान चांगला आहे पोराचा.

बिस्किटांच्या डब्यात वीतभर टेप आहे माझ्याकडे,
त्या छेदातून उरलेली.
अर्ध्या सेकंदाची जेमतेम:
श्वासानंतरची, खुर्चीच्या आधीची.
वाजवायला आता मशीन नाही,
आणि वाजवून ऐकायचं तरी काय,
घोंगडी?

त्याला मी रेडिएटरचा ठोका ऐकवला.
खूश झाला. दोनदा ऐकून
वहीत लिहून घेतला, मिनिट-सेकंदासकट.